काचंवरचा जोगवा

प्रिय ज्ञानू,

व्हय, मागती म्या अजून जोगवा. फोनवर विचारलंस तवा शेजारी लक्ष्मीबाई कान लावून बसली हुती, म्हणून पावसापाण्याचं बोलले. आता कागदावर ऐक. दर मंगळवारी गळ्यात कवड्यांची माळ घालती, हातात परडी घेती आन् तुळजाभवानीच्या नावानं पाच घरं मागती. तुझ्या आज्जीनं मरताना परडी माझ्याच हातात दिली ते बरं झालं. तू तिच्यात लिपस्टिका ठिवल्या असत्यास.

सासरी काय सांगून ठिवलंयस ते कळलंय मला. विहीणबाईंचा फोन आला हुता, तुमचं भजनी मंडळ कसं चाललंय म्हणून. माझं भजनी मंडळ! म्या गायला लागले की म्हस दूध चोरती. तरी म्हणलं, झ्याक चाललंय, पुढच्या महिन्यात नवी पेटी घेणार हाव. तुझी लाज झाकाय ह्या वयात खोटं बोलाय लावलंस मला, शिकलेली भवानी कुठली.

आन् लाज कशाची गं? उन्हाळ्यात आली हुतीस तवा ह्याच उंबऱ्यावर बसून तुझ्या लॅबातल्या कामाचं सांगितलंस. काच इजंला आत घेत न्हाय म्हणालीस. पण काचंच्या नळीतली हवा काढली, पल्याडच्या टोकाला इजंची जोराची ओढ लावली, की इलेक्ट्रॉन काचंवर येऊन आपटतो. तो तिथंच ऱ्हातो, पण काचंतला दुसरा उडवून देतो. तो जरा पुढं पडतो, तिसऱ्याला उडवतो. असं करत ईज काचंच्या अंगावरनं पार पल्याड जाती. एक पडला की एक निघालाच पायजे, न्हायतर वाट तुटती. म्या म्हणलं, म्हंजे जोगवाच की! आमी तरी कुणाच्या घरात कुठं शिरतो? उंबऱ्यावर परडी धरायची. मागल्या घरच्या पिठाची चिमूट ह्या घरच्या बाईच्या दारात ठिवायची, हिनं घातलेली मूठ घेऊन पुढचं दार गाठायचं. तवा टाळी दिलीस मला, आई, बरोबर वळखलंस म्हणालीस. आन् पुण्यात पाय ठिवला की त्याच परडीची भीक झाली व्हय? लई नाजूक झालीस गं. नवऱ्याच्या घरची फरशी बघून आईचे पाय मळके दिसाय लागले तुला.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते सांगती. गेल्या मंगळवारी म्या पुण्यात हुते. तुझ्याच बिल्डिंगीत. विहीणबाईंच्या म्होरं तुझी जिरवायची म्हणूनच यष्टीत बसले हुते. परडी घेऊन खालच्या दारापासनं मागत वर चढले. एकीनं तांदूळ घातले, एकीनं बिस्किटाचा पुडा टाकला, एकीनं स्कॅनर कुठाय म्हणून विचारलं आन् मग गव्हाचं पीठ आणलं, चौथी तर पाया पडली. पाचवं दार तुझं. आतनं तुझं हसणं ऐकाय येत हुतं. बेलवर बोट ठिवलं, आन् मनात आलं, दार उघडून तू मला वळखच दिली न्हाईस तर? बेल वाजवलीच न्हाय. परडीत पडलेलं तसंच घेऊन जिना उतरले. साप शेपटीला धरून फेकती म्या, ज्ञानू, पण तुला भ्याले.

तुझीच,
आई