समोरच्या दुकानाची चेन

३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काकाने आपल्या बॅगांच्या दुकानासमोरच बॅगांचं दुकान टाकलं, वर वाटणीत अण्णांचं शिलाई मशीन नेलं, हे वाचून डोकं भणाणलंय. तूही भाव पाड. त्याला शटर ओढायला लाव. नाहीतर मी नोकरीवर लाथ मारून येतो. तसंही कारखान्यात बूड टेकत नाही माझं, मुकादम मला भिंगरी म्हणतो.

आहे तशी माया ठेव.
भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

भाव पाडून झाला. काकाने त्याहून पाडला. त्याचा माल ढिगाने येतो, आपण हाताने शिवणार. या शर्यतीत धाप आपल्यालाच लागायची. अण्णा समोरची गर्दी बघत बसतात, दुकान बंद करू म्हणतात. घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली. तू येऊन भांडणच करशील. त्यापेक्षा डोकं चालव. काकाच्या बॅगेवर तुझ्याच कारखान्याचा शिक्का आहे.

जेवत जा, रागावलास तरी लिहीत जा.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

पोटभर हसलो. तो आमचा सगळ्यात हलका माल. त्याची चेन मीच बसवतो, एकेरी टाक्याने, वरून हुकूमच तसा. बॅग ठासून भरली की चेन उसवून तोंड वासते. तेव्हा विकणं सोड. नुसती दुरुस्ती कर, अण्णांच्या दुहेरी टाक्याची. काकाला हवा तेवढा भाव पाडू दे. तो जितकं विकेल तितकं तुझ्या दारात येईल.

अण्णांना नमस्कार, तुझा धाक आहेच.
भिंगरी

११ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

बॅगा रस्ता ओलांडून येतायत. काल काकाच आला. गिऱ्हाइकं अंगावर येतात, विकायच्या आधीच बॅगा शिवून दे म्हणाला. त्याला रांगेत उभं केलं. मग म्हटलं, मशीन आण, बघू. आज घरून भर बाजारातून स्वतः ढकलत आणलं. अण्णांनी तेल घातलं, पायडल मारलं. मी काकाला सांगितलं, बघितलं, नाही जमणार. आधीच शिवल्या तर उसवतील कशा?

अण्णा दोनदा वाढून घेऊन जेवले.
तुझीच, ताई

२० जुलै

ती. ताईस शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. नोकरी आता सोडत नाही. काकाच्या मालाची चेन दुसऱ्या कुणी नीट बसवली तर?

लोभ काकाला सोडून सगळ्यांवर.
भिंगरी