एकशे चाळीस उदाहरणं

बाई, आपलं ते मोठं दुकान बंद झालं, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही गेलात त्यानंतर ते तीन वर्षंसुद्धा धड चाललं नाही. आता तिथे लग्नाच्या कपड्यांचं शोरूम आहे. जिथे आम्ही कॉम्प्युटर मांडायचो तिथे शेरवान्या घातलेले पुतळे उभे असतात. आज कॉलेजातून परतताना सवाऱ्यांचा टेम्पो नेमका तिथेच अडकला, पाच मिनिटं हलला नाही, आणि मी काचेतून आत बघत बसलो. डाव्या कोपऱ्यात, जिथे तुम्ही बसायचात, तिथे कपडे घालून बघायची खोली केली आहे. घरी आलो, एकट्यापुरता चहा केला आणि लिहायला बसलो. तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. शाळेतही तुमच्यासाठी मी फक्त गणितं सोडवली.

तुम्ही आमच्या वर्गावर आलात तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी शाळेत एका वर्गात चाळीस मुलं असायची. मी सातवीत होतो. कर्कटकाने बाकावर तोफ कोरली होती, कारण घरी आजोबा सारखे सांगायचे की आपण दख्खनेतून आलो ते शिपाई म्हणून. तुम्ही मारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपर घेऊन आलात आणि म्हणालात, "घास." मधल्या सुट्टीत सगळी मुलं बाहेर, मी बाक घासतोय, आणि थोड्या वेळाने बघतो तर दुसऱ्या टोकाने तुम्हीही घासताय.  पातळाच्या पदराला लाकडाचा भुसा लागला होता, तो झटकून तुम्ही पुढच्या तासाला गेलात. मला त्या दिवशी जितकी लाज वाटली तितकी छड्या खाऊन कधी वाटली नव्हती.

त्यानंतर थेट दुकानात भेटलात. पंचवीस वर्षं तरी मध्ये गेली असतील. आमच्या कंपनीची देशभर दुकानं होती आणि ग्वाल्हेरचं दुकान सिटी सेंटरला, दोन मजली, आत शिरलं की थंड हवा आणि नव्या प्लास्टिकचा वास. टोपी बाजारात एकेका खोलीएवढ्या दुकानातून कॅल्क्युलेटर आणि रेडिओ घेणारी आपली माणसं तिथे पहिल्यांदा आली तेव्हा चपला बाहेर काढायची. मी मजल्याचा इन्चार्ज, टाय लावायचो. एका गुरुवारी दुपारी तुम्ही आलात, हातात कापडी पिशवी, आणि चष्मा वर करून माझ्याकडे बघत राहिलात. "तोफखाना तूच ना रे?" हाताखालची सगळी माणसं ऐकत होती. मी वाकून नमस्कार केला, टाय तुमच्या पावलांवर लोंबली, आणि तुम्ही हसलात.

तुम्हाला कॉम्प्युटर घ्यायचा नव्हता. शिकायचा होता. "घरी आणून ठेवू कुठे? एक तर खोली, त्यात विजेचा भरवसा नाही," असं म्हणालात. मग म्हणालात, "आणि इथे चार माणसं तरी दिसतात." तुम्ही निवृत्त झाल्यावर शाळेतले मराठीचे वर्ग एकेक करून बंद झाले होते. तुम्हाला लहान मुलांसाठी गणिताच्या उदाहरणांचं पुस्तक करायचं होतं, मराठीत, आणि सगळी उदाहरणं आपल्या गावची. पुण्या-मुंबईची पुस्तकं इथल्या मुलांना परकी वाटतात आणि हिंदी पुस्तकांत मराठी नाही, असं तुमचं म्हणणं. मी कोपऱ्यातलं डेमोचं मशीन तुम्हाला दिलं. कागदाचे बारीक चौकोन कापून त्यावर क, ख, ग लिहिलं आणि चिकटपट्टीने एकेका बटणावर लावलं. एक प्लास्टिकचं स्टूल आणलं. दोन वर्षं, दर गुरुवारी, नई सडकेवरून टेम्पो पकडून तुम्ही यायचात. थंडीत पिशवीत तीळगुळाची गजक असायची, सगळ्यांना पुरेल एवढी. वॉचमन दारातूनच ओरडायचा, "भाईसाब, मास्टरनीजी आ गईं!"

गिऱ्हाइकांना तुम्ही दुकानातल्याच वाटायचात. एकदा एक शेठ येऊन विचारतो, "मॅडम, ये कितने का है?" तुम्ही बटणावरून बोट न उचलता म्हणालात, "पहले यह बताइए, इससे काम क्या लेना है."  मग तुम्ही त्याला शेजारी बसवून अर्धा तास त्याचं काम समजून घेतलंत आणि माझ्याकडे पाठवलंत, "याला मोठं नको, लहान पुरे." तो पुढे तीन वेळा आला आणि दर वेळी आधी तुम्हाला शोधायचा.

तेवढ्यात आमची कंपनी दक्षिणेतल्या दुसऱ्या एका कंपनीने घेतली. घेतली असं कोणी म्हणत नसे. दिल्लीहून मेल यायचे, त्यात शब्द असायचा इंटिग्रेशन. मी तो तुम्हाला सांगितला तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात. "इंटिग्रेशन म्हणजे बारीक बारीक तुकडे मिळवून सबंध आकार काढणं. तुमच्यात तर मला वजाबाकीच दिसतेय." खरंच होतं. बावीस माणसांपैकी नऊ ठेवणार होते. वरचा मजला बंद होणार, दोन्ही कंपन्यांची कामाची पद्धत एक होणार, पाट्या बदलणार. कोण राहणार, कोण जाणार, हे एक नवे साहेब येऊन ठरवणार होते. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. मी रोज घरी येऊन आमच्या हिला सांगायचो, काही होत नाही, आणि जेवण तसंच ताटात राहायचं.

साहेब बुधवारी आले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलायला गोड. सगळीकडे फिरले, हातात यादी. मजल्यावर एकही स्टूल नको, गिऱ्हाईक उभंच राहिलं पाहिजे. सगळी डेमो मशिनं पुसून त्यांवर नव्या कंपनीची फिल्म लावायची, दिवसभर तीच चालेल. फिरत फिरत कोपऱ्यात आले. चिकटपट्ट्या लावलेला कीबोर्ड दोन बोटांनी उचलून बघितला. मग पडद्यावरच्या फोल्डरवर त्यांची नजर गेली. मी त्याला नाव दिलं होतं 'बाई'. दुसरं काय देणार?

"ये बाई कौन है?" ते म्हणाले, आणि हसायला लागले. "कौन सी बाई रखी है भाई, शोरूम में?"

तुम्हाला ठाऊकच आहे हिंदीत तो शब्द कसा जातो. मी म्हणायला हवं होतं, सर, माझ्या शिक्षिका आहेत, आम्ही शिक्षिकेला बाई म्हणतो. एवढंच वाक्य होतं. पण बाजूला आमची सगळी माणसं उभी होती, तीही हसत होती, कारण त्यांनाही राहायचं होतं. मीपण हसलो. बाई, मी हसलो. आणि म्हणालो, "पता नहीं सर, कोई कस्टमर छोड़ गया होगा."

"तो उड़ाओ."

तिथेच, त्यांच्यासमोर, मी मशीन फॉरमॅटला लावलं. पेन ड्राइव्ह माझ्या खिशात होती. उतरवून घ्यायला दोन मिनिटंही लागली नसती. पडद्यावर पट्टी सरकत होती आणि मी ती सबंध सरकेपर्यंत बघत उभा राहिलो. साहेब तोवर पुढच्या टेबलाकडे गेले होते. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. स्टूल नव्हतं. पडद्यावर एक कुटुंब समुद्रकिनारी पळत होतं. मी सांगितलं, हार्डडिस्क उडाली. तुम्ही विचारलंत, "त्यातून काहीच निघत नाही?" मी म्हणालो, नाही. "एकशे चाळीस झाली होती रे," तुम्ही म्हणालात, जणू कोणाच्या तरी वयाबद्दल बोलताय. मग माझ्याकडे बघितलंत. माझा चेहरा कसा झाला होता ते मला माहीत नाही, पण तुम्ही माझ्या दंडावर हात ठेवलात. "अरे, मशीनच ते. बिघडायचंच. डोक्यात आहेत सगळी, पुन्हा उतरतील." जाताना त्या दिवशीची गजक मात्र वाटलीत. साहेबांनाही एक तुकडा दिलात. त्यांनी "थँक यू, माताजी" म्हणून खाल्ला.

पुढच्या गुरुवारी तुम्ही वही घेऊन आलात, पहिली पाच उदाहरणं पुन्हा लिहिलेली. मशीन आता कोणाला वापरायला देता येत नाही, हे मी तुम्हाला उभ्या उभ्या सांगितलं. तुम्ही "बरं बेटा" म्हणालात. दारापाशी थोडं थांबलात, पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत. मी काउंटरवर काहीतरी शोधायचं नाटक केलं. त्यानंतर तुम्ही आला नाहीत. नवांत माझं नाव आलं.

मी तुमच्याकडे जाणार होतो. नई सडकेच्या मागची तुमची गल्ली माझ्या रोजच्या रस्त्यावरच होती. दिवाळीत जाऊ म्हटलं, मग संक्रांतीला. संक्रांतीच्या आधीच शाळेच्या फळ्यावर तुमचं नाव लागलं. तेराव्याला गेलो. इंदूरहून तुमची भाची आली होती, खोली आवरत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने लगेच ओळखलं. "हां, कॉम्प्युटरवाले! मावशी तुमचं फार सांगायची. दोन वर्षं बसू दिलंत, काही घेतलं नाही." मी कसंबसं म्हणालो, त्यांचं काम गेलं शेवटी, मशीनमुळे. ती म्हणाली, "हो, बोलली होती. मी म्हटलं, मावशी, एवढी मेहनत! तर म्हणाली, जाऊ दे गं, त्याची नोकरी राहिली ना."

मी तुम्हाला हार्डडिस्क उडाली म्हणून सांगितलं होतं. हार्डडिस्कचा आणि माझ्या नोकरीचा काय संबंध, हे भाचीने विचारलं नाही. मी खोलीत आणखी बसू शकलो नाही. पानही न घेता निघालो आणि बाड्याच्या चौकापर्यंत चालत गेलो. तिथून पुढे कुठे जायचं ते सुचेना, म्हणून कितीतरी वेळ टेम्पो स्टँडवर उभा राहिलो.

जी नोकरी राहिली तिचं पुढे असं झालं. लोक यायचे, मशीन हाताळायचे, बटणं दाबून बघायचे, मॉडेलचा फोटो काढायचे आणि आमच्यासमोरच फोनवरून मागवायचे. काही तर मला विचारायचे, "भैया, ऑनलाइन वाला भी यही है ना?" मी हो म्हणायचो. नवा माल यायचा थांबला तसं वरून फर्मान आलं, रिकामे खोके रचून ठेवा, दुकान भरलेलं दिसू दे. सकाळी आम्ही खोक्यांवरची धूळ पुसायचो. एका लहान मुलीने धक्का दिला तेव्हा आख्खी भिंत आवाज न करता खाली आली, आणि तिचे वडील आमच्याकडे असे बघायला लागले की मला तोंड फिरवावंसं वाटलं. मग पुन्हा कोणीतरी कंपनी घेतली, पुन्हा पाटी बदलली, नवाचे चार झालो. शेवटी एका दुपारी कुलूप मी लावलं. वॉचमन आदल्या वर्षीच गेला होता. जागेच्या मालकाचा माणूस किल्ली घ्यायला आला, सही घेतली आणि म्हणाला, "बिजली का मेन बंद किया ना?" एवढ्या वर्षांचा तेवढाच निरोप.

आता एका खासगी कॉलेजच्या लॅबमधली मशिनं बघतो. मुलगी पुण्याला नोकरीला लागली, तिला बाळ झालं, तेव्हापासून आमची ही बहुतेक तिकडेच असते. नातवाशी फोनवर बोलतो तेव्हा तो अर्ध्या वाक्यात हिंदी ऐकून हसतो. "आजोबा, असं कोण बोलतं?" मी म्हणतो, आम्ही बोलतो. आम्ही म्हणजे कोण, ते मोजायला घेतलं तर बोटं उरतात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकणारा राहतो. पण पुढच्या वर्षी नातू शाळेत जाईल, म्हणून गेल्या महिन्यात ठरवलं की तुमची उदाहरणं आठवतील तशी उतरवून काढायची. पहिलं लगेच उतरलं, जे तुम्ही मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं: बाड्यावरून टेम्पोत अकरा माणसं बसली, नई सडकेवर चार उतरली आणि सहा चढली, तर ड्रायव्हर कुठे बसला? आम्ही दोघं किती हसलो होतो. त्यानंतर दुसरं आठवेना. तिसरं आठवेना. तीन-चार संध्याकाळी नुसता बसून राहिलो, वाटलं वयामुळे विसरलो. तसं नाहीये, बाई. दर गुरुवारी तुम्ही पडदा माझ्याकडे वळवून विचारायचात, "बघ रे, जमलंय का?" आणि मी मागून जाता जाता म्हणायचो, "छान झालंय, बाई." त्या एका उदाहरणाशिवाय मी एकही कधी वाचलं नव्हतं.