पायथ्याशी बसणारी

प्रिय वहिनी,

तुझा निरोप मिळाला. ‘पाठ धरली आहे, अंग जड झालंय, महिनाभर तुझ्याकडे येऊन पडते, खिडकीजवळची खाट माझ्यासाठी ठेव,’ असं तू कळवलंस आणि मी त्यावर ये म्हटलं नाही की नको म्हटलं नाही. वन्संना भाव चढला, असं तू मनात म्हणाली असशील. तसं नाही गं. फोन केला असता, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला माझ्या जेवणाखाणाची चौकशी सुरू करतेस आणि मुद्दा कुठल्या कुठे जातो. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. शिवाय मी फार दमले आहे, आणि दमल्यावर मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं.

कशाने दमले विचारशील, तर आजचंच सांगते. सकाळी माझ्या उपचारांच्या खोलीवर बसमधली कंडक्टरीण आली. उभं राहून राहून तिची कंबर गेली आहे, आणि दिवसभर लघवी धरून ठेवायची इतकी सवय झाली आहे की आता घरी असली तरी तिला अंग सैल सोडता येत नाही. मग एक मुख्याध्यापिका आल्या, त्यांचा जबडा झोपेतही आवळलेला असतो. दुपारी एक नवी बाळंतीण आली. बाळाला सासूकडे ठेवून आली होती. तिने एवढंच विचारलं, “इथे झोपलं तर चालतं का?” चालतं म्हटलं. खाली छापखान्याचं यंत्र धडधडत होतं आणि तरी ती भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली. माझ्याकडे बायका बऱ्या व्हायला येतात असं तू सगळीकडे सांगत फिरतेस, पण निम्म्या जणी झोपायलाच येतात. संध्याकाळी माझे अंगठे सुजलेले असतात, बरणीचं झाकण उघडायला शेजारणीला हाक मारावी लागते. ती हसते आणि म्हणते, लोकांची दुखणी काढणाऱ्या बाईच्याने झाकण निघत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुला आठवतं ना, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी तक्रारींच्या खिडकीवर बसायचे? दिवसभर लोकांचं ऐकायचं आणि आपलं दुखणं टेबलाखाली दाबून धरायचं. महिन्याचे ते दिवस आले की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं. मग म्हणाले, मूल झालं की थांबेल. मूल झालं नाही आणि नवराही टिकला नाही, दुखणं तेवढं इमानाने सोबत राहिलं. मग सगळ्यांनी ठरवलं की हे मनाचे खेळ आहेत. मलाही ते पटायला लागलं होतं, इतकी मी थकले होते.

त्या दिवशी मी पोट धरून तुझ्या दारात आले आणि म्हटलं, वहिनी, तेल लावून जरा पोट चोळून दे. तू कणीक मळत होतीस. तू हात धुतलेस, पण पोटाला लावले नाहीस. म्हणालीस, “आधी डॉक्टर, मग मी.” मी रडले, भांडले, आता आणखी एका डॉक्टरकडे जायची ताकद नाही म्हटलं. तू ऐकून घेतलंस आणि चपला घातल्यास. त्या डॉक्टरबाईही आधी तेच म्हणाल्या, टेन्शन घेता का. तेव्हा तू टेबलावर हात ठेवून सांगितलंस, “बाई, ती रडतेय ते दुखतंय म्हणून. रडतेय म्हणून दुखत नाहीये. एकदा आत बघा, मग काय ते बोला.” त्यांनी पाहिलं. गर्भपिशवीचं अस्तर नको तिथे वाढलेलं निघालं आणि सगळं आत चिकटून बसलं होतं. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. मला खूळ लागलेलं नाही हे तेव्हा कळलं, आणि त्या कळण्यानेच मी अर्धी बरी झाले.

उरलेली अर्धी तू केलीस. दुखणं कमी झालं तरी माझं अंग त्याची वाट बघत आवळलेलंच असायचं. झोप येईना. एका दुपारी तू खाटेच्या पायथ्याशी बसलीस, माझ्या दोन्ही टाचा तळहातांत घेतल्यास आणि म्हणालीस, “झोप. बाकीचं मी बघते.” एवढंच. दाबलं नाहीस, चोळलं नाहीस. माझं अंग कितीतरी वर्षांनी खाली टेकलं. पुढे नोकरी सोडून मी श्वासाचं, स्नायूंचं, मन आणि शरीराच्या नात्याचं शिक्षण घेतलं, तेव्हा आमच्या बाईंनी एक दिवस मोठ्ठं नाव सांगून टाचा कशा धरायच्या ते शिकवलं. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, एवढी फी भरून टाचा धरायला शिकलात होय, वन्सं, फुकट शिकवलं असतं की. बरोबरच होतं तुझं. आजही माझ्याकडे जे काही आहे ते त्या दुपारचंच आहे, बाकी नुसती नावं.

माझ्या खोलीचा नियमही तुझाच. कुणाला गाठ लागली, अवेळी अंगावरून जायला लागलं, वजन उतरायला लागलं, तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते, हात नंतर लावते. काही जणी रागावतात. एक जण म्हणाली, मन शांत केलं की सगळं जातं असं मी वाचलंय. मी म्हटलं, मन शांत झालं की दुखणं सोसवतं, कधी खरंच कमी होतं, पण गाठ मनाचं ऐकत नाही. ती परत आली नाही. अशा वेळी मला फार थकवा येतो, वहिनी. लोकांना आपल्यावर विश्वास नसला तर वाईट वाटतं, आणि नको तितका असला तर भीती वाटते.

परवा दादाचा फोन आला. गच्चीवर जाऊन बोलत होता, वाऱ्याचा आवाज येत होता. ‘मी सांगितलं हे तिला सांगू नकोस,’ असं दोनदा म्हणाला, पण मी सांगते आहे, त्याला रागवू नकोस. पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तुला पुन्हा अंगावरून जातंय. आतला तुकडा तपासायला दिला होता, तो चांगला निघाला नाही. डॉक्टरबाईंनी पिशवी काढायला सांगितली आहे, लवकर काढली तर निभावेल म्हणाल्या आहेत, आणि तू घरी येऊन म्हणालीस, “माझी नणंद आहे, तिच्या हातात गुण आहे, कापाकापी कशाला?” पाठ धरली म्हणे. इतक्या वर्षांत तू मला फसवलंस ते पहिल्यांदाच, आणि तेही धड जमलं नाही. तू घाबरली आहेस. तुझी आई दवाखान्यात गेली ती परत आली नाही, हे मला ठाऊक आहे. तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायथ्याशी बसलीस, उशीवर डोकं टेकायची तुला सवय नाही.

म्हणून हे पत्र. खिडकीजवळची खाट मी तुला देणार नाही. तू माझ्या दारात आलीस तर मीच तुला आत घेणार नाही, आणि मला ते कधीही करावं लागू नये. माझ्या हातात गुण नाही गं, असता तर तुझ्यासाठी राखून ठेवला असता. सोमवारी खोलीला कुलूप लावून मी तिकडे येते. डॉक्टरबाईंशी बोलले आहे, बुधवारची वेळ घेतली आहे. तुला न विचारता घेतली, हेही तुझ्याकडूनच शिकले. तू रड, भांड, मी ऐकून घेईन आणि चपला घालीन. भीती मलाही वाटते आहे, पण तू असायला हवीस, त्यापुढे त्या भीतीचं काही चालत नाही. आधी डॉक्टर, मग मी. तू शुद्धीवर येशील तेव्हा टाचांना कुणाचे तरी हात लागतील. अंगठे सुजलेले असतील, त्यावरून ओळखशील. डोळे उघडायची घाई करू नकोस. झोप. बाकीचं मी बघते.

तुझीच,
वन्सं