तुपाच्या डब्याचं झाकण

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

चौऱ्याण्णव! ज्या काट्यावर पेंडीच्या गोण्या चढतात त्याच्यावर आज मालकच चढले, म्हणजे मी. गोरख हमालानं आकडा मोठ्यानं वाचला — "दोन गोण्यांना सहाच किलो कमी हायेत, शेठ!" गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो.

काल पुण्याच्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नव्हत्या. रक्तगट जुळतो, बाकी सगळं ठीक. फक्त माझ्या लिव्हरवर चरबी आहे, आणि चरबीचं लिव्हर अक्काला बसवता येत नाही. "आठ किलो तरी उतरवा. पण उपाशी राहून नको. अंगातलं मांस गेलं तर ऑपरेशननंतर उठणार कशाच्या जोरावर? चरबी घालवा, मांस राखा."

मग पडद्यापलीकडं जाऊन नर्सशी हळू बोलल्या. माझे कान! "पेशंटकडं फेब्रुवारीपर्यंतच वेळ आहे."

अक्काला हे सांगितलेलं नाही. इंदूला सांगितलं.

६ नोव्हेंबर

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मनकर्णा. दाजी लवकर गेले, ती माहेरी परत आली, आणि वर्षभरात आमची आई गेली. मी सहा वर्षांचा. लोकांच्या रानात खुरपून तिनं मला वाढवलं. तिच्यासाठी आठ किलो म्हणजे काय!

अडचण एकच — खाणं. मला स्वयंपाकाचा तिटकारा आहे. पोरवयात नगरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात भट्टीपुढं उभा राहिलो, तेव्हाच ठरवलं, सुटलो की परत चुलीपुढं उभा राहायचं नाही. पुढं कडब्याचा धंदा केला, मग पेंडीचा, आता काष्टीच्या बाजारतळाला लागून स्वतःचं पशुखाद्याचं दुकान आहे. अख्ख्या तालुक्याच्या गाईंनी काय खावं ते मी सांगतो. स्वतःसाठी अंडं उकडत नाही.

म्हणून सगळं इंदूवर सोपवलं. उकडलेली अंडी, मुगा-मटकीची उसळ, पातळ ताक, एक भाकरी. तेल नाही, तूप नाही, शेंगदाण्याचं कूट नाही. "अहो, कसं खाणार हे?" म्हणाली. "औषध म्हणून," म्हटलं.

मी ओसरीवर बसून हे लिहितोय. आत इंदू भाकरी थापतेय. काचेच्या बांगड्या थापताना वेगळ्या वाजतात, भांडी घासताना वेगळ्या. बायको कुठल्या खोलीत आहे, रागात आहे का खुशीत, सगळं बसल्या जागी कळतं!

८ नोव्हेंबर, बाजारचा दिवस

मांस राखायचं तर अंगाला ओझं पाहिजे. जिमला कोण जातं! सकाळपासून गोण्या मीच उचलल्या. गोरख म्हणतो, "शेठ, आमच्या पोटावर पाय देता का?" त्याला म्हटलं, हमाली तुला मिळेल, घाम फक्त माझा. "आसं आसंल तर रोज या!" — आणि पोत्यावर बसून बिडी पेटवली पठ्ठ्यानं.

१५ नोव्हेंबर

दीड किलो उतरलं. उसळ म्हणजे भिजवलेली पेंड बरी. गिळतो.

रात्री जेवताना अक्का म्हणाली, "छगन्या, कशाला रं हे? माझं समदं झालं बघून. तुला दोन लेकरं हायेत." तिच्यावर ओरडलो. पोटात पाणी झालंय तिच्या, पाय सुजलेत, आणि काळजी माझी!

नंतर इंदूही तेच — "तुम्हाला काही झालं तर?" आवाज कापत होता. म्हटलं, लिव्हर परत वाढतं, डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलंय. ताट उचलून आत गेली. पटलं नाही, हे बांगड्यांवरूनच कळलं.

२० नोव्हेंबर

आज उसळीला चव होती! दोनदा मागून घेतली. "इंदू, बिनतेलाचं असं करता येतं तर इतके दिवस का छळलंस?" ती पातेल्याकडं बघत राहिली. अक्का मात्र गालात हसली. किती दिवसांनी हसली.

२४ नोव्हेंबर

ताकही छान. दाट.

२७ नोव्हेंबर

काटा हलत नाही. हलला तो वर! गोरख म्हणतो, "काटा बिघाडला व्हय?" पन्नासची सीलबंद गोणी ठेवून बघितली. पन्नास.

डॉक्टरीणबाईंचा फोन. "घरी कुणी काही जास्तीचं देत नाही ना?" हसून म्हटलं, माझ्या घरात? छे!

फोन ठेवला आणि ते हसू तोंडावर तसंच राहिलं. चव. दाट ताक. तीस वर्षं लोकांच्या पेंडीतली भेसळ पकडतोय मी.

३० नोव्हेंबर, रविवार

लिहू नये असं वाटतं. लिहितो.

पहाटे ओसरीवर जोर काढत होतो. आमच्या तुपाच्या डब्याचं झाकण आईच्या वेळचं, चेपलेलं — उघडताना टुण् करतं. आत तेवढंच वाजलं. टुण्! दुसरा कसलाही आवाज नाही.

मनाला म्हटलं, नसेल. दुसऱ्या कशाला तरी घेतलं असेल. बंडी चढवली, आत गेलो. डबा उघडा. उसळीच्या पातेल्यात तुपाचा गोळा, अजून पुरता विरघळलेला नाही. इंदू ओट्याशी. अक्का खाली पाटावर मेथी निवडत.

"हे कुणी?"

इंदूनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मी. मीच घालते."

"किती दिवस?"

"दहा-अकरा दिवस झाले."

का, ते विचारलं नाही. माहीत होतं की. नवरा शाबूत राहिला पाहिजे. नणंद काय, म्हातारीच! म्हटलं, "माझ्या बहिणीला चमच्या-चमच्यानं मारतेस तू." अक्काच्या देखत बोललो.

इंदू रडली नाही. बाजू मांडली नाही. अक्कानं मान वर केली नाही, फक्त मेथी भराभर निवडत राहिली. तिला किती लागलं असेल! आपल्या जगण्यावरून घरात हे चाललेलं ऐकायचं.

दुकानात राहायला आलो. वरच्या खोलीत खाट आहे.

२ डिसेंबर

व्यायलेली गाय खंगू नये म्हणून आम्ही एक पावडर विकतो — बायपास फॅट. खाद्यात कालवायची, गाईला पत्ता लागत नाही. आज एकाला ती देताना हात थांबला. मलाही दहा-अकरा दिवस हेच चालू होतं! आणि गाईसारखंच वाटी चाटून चांगलं म्हणत होतो.

परक्यानं फसवलं तर राग येतो. राग बरा असतो, अंगात ताकद येते. हे तसं नाही. अंगातून काहीतरी काढून घेतल्यासारखं होतं.

३ डिसेंबर

प्रश्न जेवणाचा. खानावळीत तेलाचा तवंग. केशरबाई डबा देते, पण तिच्या हातानं तेल आवरत नाही, हे सगळ्या काष्टीला ठाऊक. आणि आता मला कुणाच्याच हातचं नको.

चूल पेटवायची म्हटलं की हॉटेलातली ती भट्टी आठवते. खाटेवर पडून विचार केला — अरे, तू रोज काय करतोस? गाईला कोण फोडणी घालतं? भरडा, पेंड, क्षार — मोजायचं, भिजवायचं, कालवायचं. स्वयंपाक करायचाच कशाला? खाद्य मिसळू!

४ डिसेंबर

माझं खाद्य — रात्री भिजवून मोड काढलेले मूग, तसेच कच्चे. काकडी, कांदा, लिंबू. हातगाडीवरची उकडलेली अंडी, पिवळं एकच. डेअरीतलं साय काढलेल्या दुधाचं दही. सकाळी ताकात डाळ्याचं पीठ. ना गॅस, ना धूर. घमेलंभर मिसळून ठेवतो — घमेलं नवं आहे!

गोरखनं वास घेतला. "शेठ, ह्यात मीठ टाकलं तर दूध बी वाढंल."

१३ डिसेंबर

नव्वद. गोण्या पहिल्यापेक्षा हलक्या लागतात. दंड तसाच आहे, पट्टा दोन भोकं आत.

इंदू रोज फोन करते. "जेवलात?" "जेवलो." ठेवतो. कुठल्या तोंडानं विचारते? तिचा आवाज नेहमीसारखाच असतो, अपराध्यासारखा नाही. तेच जास्त लागतं. निर्ढावली म्हणायची.

अक्काला भेटायला रोज संध्याकाळी जातो. ओसरीवरच बसतो, आत जात नाही. आज तिनं माझा दंड दाबून बघितला, लहानपणी बघायची तसा. "वाळलास रं." म्हटलं, चरबी वाळली, मी नाही. तिनं हात काढून घेतला.

२५ डिसेंबर

सत्त्याऐंशी. ज्याला सांगावंसं वाटतं तेच माणूस नको झालंय.

१ जानेवारी २०२६

अक्का म्हणाली, "इंदूला घरात घे रं."

म्हटलं, ती घरातच आहे, बाहेर मी आहे.

"मग तू ये."

"तुझं ऑपरेशन होऊ दे. मग बघू तिचं काय करायचं ते."

अक्कानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग — "माझ्यापायी तिला बोलू नगंस." केवढं मन! जिनं मरण वाढून ठेवलं तिचीच वकिली करते.

१३ जानेवारी

पुणे. पंच्याऐंशी किलो! मशिनवर उभं केलं, पोटाची तपासणी झाली. चरबी उतरली. मांस जवळजवळ होतं तेवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोण करतं तुमचं जेवण? त्यांना आमच्याकडं पाठवा." म्हटलं, कुणीच करत नाही.

एकवीस तारीख मिळाली. आदल्या दिवशी दाखल व्हायचं. अक्कानंही सही करायची, राजीखुशीनं.

संध्याकाळी अक्काला सांगितलं. वाटलं, हात तरी धरील. ती भिंतीकडं बघून म्हणाली, "झालं का उतरून?" दुखण्यानं माणूस कसं होतं!

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारी दुकानात पाठमोरा बसलो होतो. बाहेर टेम्पो खाली होत होता, गोरखची आरडाओरड चाललेली. त्यातूनही ऐकू आलं — किणकिण. इंदू येतेय. संक्रांतीच्या नव्या बांगड्या. वळून बघायची गरजच नव्हती.

तिळगूळ टेबलावर ठेवला. "गोड बोला म्हणत नाही," म्हणाली. "खा फक्त. एक चालतो." आणि गेली. किणकिण रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. कोपऱ्यावर वळेपर्यंत.

१५ जानेवारी, पहाट

झोप नाही. ही बाई नुसता हात उचलते तरी वाजते.

त्या पहाटे झाकण वाजलं होतं. बांगड्या वाजल्या नव्हत्या.

दाजी गेल्यापासून अक्काच्या हातात काकण नाही.

१५ जानेवारी, सकाळ

घरी गेलो. सरळ स्वयंपाकघरात. विचारलं, झाकण वाजलं तेव्हा तू कुठं होतीस? इंदू म्हणाली, "मी देवापाशी होते. तुमची चाहूल लागली म्हणून धावत आले, उघडा डबा बघून सगळं कळलं. त्या दिवशी त्यांचं नाव घेतलं असतं आणि तुम्ही त्यांच्यावर ओरडला असतात, तर त्या पुण्याच्या गाडीत कधीच बसल्या नसत्या. माझ्यावर ओरडलात तर काय, मी कुठं जाते?"

अक्का पाटावर बसलेली. "लेकराचं कापून घेऊन जगू व्हय मी? तुला जाडच ठेवणार हुते." मग तिनं इंदूकडं बघितलं. "आता हीच सांगंल तसं."

इंदूनं तुपाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला, अक्काचा हात पोचणार नाही तिथं. मग अक्काची पिशवी काढून तिची लुगडी भरायला बसली. बांगड्या वाजत होत्या.