दुसरी ओळ

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही आहे!

सकाळी सर्व्हरच्या खोलीत गेलो, नेहमीसारखं आधी कोण कोण लॉगिन आहे ते पाहिलं. नोंदणीच्या खिडकीवरचे दोघे, औषधांचं गोदाम, एक्स-रे, हिशेबनीस. आणि हिचं नाव. दोनदा.

पहिली ओळ रक्तपेढीच्या टेबलावरची. ती कळते. दुसरीपुढे जागाच दिसत नाही. वीज गेली, तार हलली की अशी ओळ लटकून राहते. आत कोणी नसतं. मशीन बंद करून चालू केलं की जाते.

मी अजून केलेलं नाही.

माणूस गेला की त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करायचं, असा नियम आहे. नियम मीच लिहिलाय. ही ऑक्टोबरात गेली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

रक्तपेढीत गेलो होतो. बुटकी रक्ताच्या पिशव्यांची लेबलं छापत बसली होती — हिच्या नावानं. बुटकी म्हणजे हिची मैत्रीण. हिच्याच हाताखाली शिकली, नावही हिनंच ठेवलेलं. आता सगळं हॉस्पिटल तेच म्हणतं.

मला पाहून तिचा हात थांबला.

"काय करू भावजी? माझ्या नावानं लेबल निघतच नाही. अर्ज देऊन वर्ष झालं, तो कुणाच्या बुडाखाली आहे देव जाणे." मग हसली. "मेल्यावरसुद्धा बाईंची सुटका नाही बघा कामातून!"

आणि तशीच पाठ करून उभी राहिली. खांदे हलत होते.

चालू दे, म्हणालो.

५ नोव्हेंबर, बुधवार

मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. खुर्ची दिली, पाणी मागवलं. तेव्हाच ओळखलं, काहीतरी आहे.

सप्टेंबरातल्या शेवटच्या मंगळवारी ऑपरेशनच्या टेबलावर एका शिंप्याला चुकीचं रक्त चढलं. पिशवीत बी गटाचं, लेबल ओ गटाचं. घाई होती म्हणून त्याच्या रक्ताशी शेवटची जुळणी न करताच पिशवी वर गेली. माणूस वाचला. मूत्रपिंडं गेली. आता त्याचं रक्त यंत्रावर धुवावं लागतं, जन्मभर.

"गटाची नोंद तुमच्या मिसेसच्या नावावर आहे," डॉक्टर म्हणाले. "दुपारी अडीचची." मग आवाज खाली आणून — "त्या आता नाहीत. कुणाला शिक्षा व्हायची नाही. इथंच मिटवू. तुम्हालाही त्रास नको."

अहवाल तयारच होता. चूक मानवी, संबंधित कर्मचारी मृत. एवढ्याच शब्दांत सगळं! जुळणी का केली नाही, त्यावर अवाक्षर नाही.

चोवीस वर्षं तिनं पिशव्या तपासल्या. घरी दुधाची पिशवीसुद्धा उलटसुलट करून तारीख वाचल्याशिवाय फोडायची नाही.

पाणी प्यायलो आणि आलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जेवलो नाही. भूक नव्हती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तो मंगळवार मला चांगला आठवतो. घरातला तिचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी तिला हलवलं ते परत आणलंच नाही.

ती त्या दिवशी कामावर नव्हतीच! मी रजा काढली होती. आदल्या दिवशी सलाइनमधून औषध दिलेलं, उठवत नव्हतं. दुपारी म्हणाली, "जरा गाणी ऐकत पडते, तुम्ही तुमचं आवरा." दार लोटलं आणि भांडी घासायला गेलो. चहा घेऊन आलो तर गाढ झोपली होती. चहा मीच प्यायलो.

मग नाव आत कसं? तर ते मीच ठेवलेलं. असले उपचार चालू असले की रक्तपेढीत उभं करत नाहीत. "घरी बसवतील मला. मग मी आजाराच्या आधी कंटाळ्यानंच मरेन," म्हणायची. आमच्याकडे नाव आत दिसलं की माणूस हजर धरतात, कोणी उठून पाहायला जात नाही. बराच वेळ हात लागला नाही की मशीन आपोआप बाहेर काढतं — हिच्यापुरती ती अट मी काढून टाकली. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी जायची. नसेल तेव्हा बुटकी त्याच टेबलावर, त्याच नावावर सगळं उरकायची.

म्हणजे अडीचला त्या टेबलावर बुटकी होती.

हे सांगायचं तर खोटी हजेरी सांगावी लागेल. माझी नोकरी जाईल, ती जाऊ दे. पण हिनं बजावलं होतं, "कुणाला कळता कामा नये." आणि बुटकी! शेवटच्या आठवड्यात रोज येऊन हिचे पाय चेपत बसायची ती.

१० नोव्हेंबर, सोमवार

चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर एक मुलगी बसली होती. शिंप्याची. मांडीवर पिशवी, पिशवीत बापाचे कपडे.

"तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? त्या बाईंनीच केलं का हो?"

मी त्यांचा कोण, हे तिला माहीत नव्हतं.

"मी रोज शिव्या घालत होते त्यांना," ती म्हणाली. "मग कळलं वारल्या. आता शिव्या तरी कुणाला द्यायच्या? बाबा म्हणतात, सोड गं, मेलेल्या माणसाशी काय भांडायचं. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही आता, हात सुजतात."

तिला सांगावंसं वाटलं — ती बाई असली नव्हती! पुढे निघून गेलो.

यादी पाहिली. दोन्ही ओळी आहेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं. सगळं सांगितलं.

डॉक्टर आधी लाल झाले. "तुम्ही? तुम्ही असं कराल असं स्वप्नातसुद्धा —" मग बुटकीला बोलावलं. मी पुन्हा एकदा सगळं बोललो, तिच्या समोर. ही घरी होती, अंथरुणावर, मी घरातच होतो.

बुटकी ऐकत राहिली. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही तिचा. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. राग असेल म्हटलं, पण राग नव्हता. काय होतं ते मला कळलं नाही.

"भावजी, तुम्ही खोलीतच होता त्यांच्याजवळ?"

"घरातच होतो. झोपली होती ती."

"बरं." पदर सारखा केला आणि डॉक्टरांकडे वळली. "मग मीच केली ती नोंद. बाईंच्या नावावर मीच बसले होते. आणखी कोण असणार?"

सुटलो, असं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बुटकी निलंबित. माझा निर्णय पुढच्या आठवड्यात. अहवालातून हिचं नाव काढलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बुटकी सामान न्यायला आली. एक कप, एक स्वेटर, चपलांचा जुना जोड. जिन्यात शिंप्याची मुलगी समोर आली. काय काय बोलली! बुटकीनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, शेवटपर्यंत. मधे पडायला गेलो तर हातानंच मला थांबवलं.

फाटकाशी म्हणाली, "बाईंचं नाव राहिलं ना? झालं तर मग." आणि, "जेवत जा वेळेवर. हाडं दिसायला लागलीत. बाई मला रागावतील."

हिचं नाव वाचवलं मी. मग बरं का वाटत नाही?

१५ नोव्हेंबर, शनिवार

हिचं लॉगिन बंद केलं. टेबलावरची ओळ लगेच गेली.

दुसरी तशीच. तिची वेळ आज पहिल्यांदा नीट पाहिली — तोच मंगळवार, दुपार. त्या दिवशी हॉस्पिटलातली वीज गेली असेल. सोमवारी मशीन बंद करून चालू करीन.

१६ नोव्हेंबर, रविवार

मेहुणीला हिचे फोटो हवे होते म्हणून हिचा लॅपटॉप काढला. त्या मंगळवारनंतर उघडलाच नव्हता, चार्जिंग पार संपलेलं. वायर लावली. झाकण मिटताना जसं होतं तसंच सगळं पडद्यावर आलं. एका कोपऱ्यात अर्ध्यावर थांबलेलं गाणं. बाजूला हॉस्पिटलच्या सिस्टीमची खिडकी — घरून बघता यावं म्हणून मीच कधीतरी जोडून दिलेली, विसरलोही होतो — हिच्या नावानं उघडलेली. पिशवीचा नंबर तोच. गट ओ. वेळ अडीच. खाली — नोंद झाली.

बुटकीला फोन लावला. तुला माहीत होतं? विचारलं.

ती म्हणाली, "नुसतं पडून राहवत नव्हतं त्यांना. तपासणीच्या चिठ्ठ्यांचे फोटो मीच पाठवायचे. चिठ्ठीवर बरोबर होतं, भावजी. औषधाची गुंगी असणार." आणि मग, "तो लॅपटॉप बंद करा."

बंद केलेला नाही.