पळसाचा द्रोण आणि स्टीलचा ग्लास

बाबा,

आज आमच्या कॉलेजात नव्या मुलांना दारूबद्दल सांगायचं काम माझ्याकडे होतं. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणून हे व्याख्यान दरवर्षी होतं, आणि तरीही दारू मिळते म्हणूनही होतं. पडद्यावर यकृताचं चित्र होतं, खाली मोठ्या अक्षरांत ‘ठामपणे नाही म्हणा’. मला हसूच आलं. ठामपणे नाही म्हणून आपल्याकडच्या लग्नातून आजवर कोण सुटलंय? मी पडदा बंद केला आणि आपल्या स्वयंपाकघरातली गोष्ट सांगितली. बारावी होऊन मी चंद्रपूरला शिकायला निघाले, तेव्हा तुम्ही पळसाच्या पानांचे द्रोण करून त्यांत दारू म्हणून पाणी भरलं होतं आणि चुलीपाशी मामा बनून बसला होतात. “घे न वं बाई, एकच. मामाचा मान नाई ठेवत का?” मी नाही म्हटलं की तुम्ही आणखीच मागे लागायचात. “नाई म्हणू नको. नाई म्हटलं का दहा जण चिपकतात. हातात घे, कपाळाले लाव, पुरखायचं, आपल्या वाडवडलायचं नाव घे अन् मातीत सोड. पुरखायले दिलेलं कोनी वापस मागत नाई.” सारवलेल्या जमिनीचा चिखल करून राह्यले बाप-लेक, म्हणून आई करवादत होती. स्वतः दारू सोडल्यापासून तुम्ही प्रत्येक लग्नात असंच करत होतात. ते तुम्हाला किती जड जात होतं, हे मी कधी विचारलं नाही.

मुलं खूप हसली, दोघांनी पुढे येऊन करूनही दाखवलं. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. “मॅडम, अन् कोनी घेतलीच असन तर?” ती सहज विचारत नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. “घ्यायचीच नाही,” मी म्हणाले. “तुमी कधी घेतली नाई का?” “कधीच नाही.” ती खाली बसली आणि तिने वही मिटली.

मी घेतली होती, घरात हे फक्त तुम्हाला माहीत होतं. चंद्रपूरच्या खोलीवर आम्ही तिघी मैत्रिणी राहायचो, त्यांतल्या एकीचा वाढदिवस होता. स्टीलचा ग्लास हातात आला, मी शिकल्याप्रमाणे कपाळाला लावला आणि दोघी लोटपोट हसल्या. खाली फरशी, माती कुठून आणू? लाजेपोटी मी तो पिऊन टाकला, मग आणखी दोन. सकाळी तुम्ही तांदळाची पिशवी घेऊन दारात उभे आणि मी बादलीत तोंड घालून बसलेली. आता ओरडतील, चल घरी म्हणतील, शिक्षण संपलं, असं मला वाटतंय. तुम्ही पिशवी ठेवता, माझी वेणी मागे धरता, पाठ चोळता. मग आमच्या स्टोव्हवर पेज शिजवता. वाटी पुढे करताना तुम्हीच ओशाळलेले दिसता. “माह्यंच चुकलं, बाई. कसं नाई घ्याचं तेवढंच शिकवलो. घेतल्यावर कोनाले हाक माराची ते नाई शिकवलो. मले सांगत जा. मी बी तीनदा सोडून पुन्हा पडलो, तवा सुटली.” त्यानंतर मी कधी ग्लासाला हात लावला नाही, तो त्या पेजेमुळे.

त्या मुलीच्या खोलीचा नंबर मी वसतिगृहाच्या वहीत पाहून ठेवलाय. उद्या जाणार आहे. काय बोलेन ते अजून ठरत नाही, म्हणून हे कागदावर लिहून पाहतेय, आणि ते वाचायला तुम्ही आता कुठे आहात. इतकी वर्षं मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आले की माझ्या बाबांनी मला दारूला शिवू दिलं नाही. लोकांना ते आवडतं, मलाही आवडतं. आज साठ मुलांसमोर माझी अब्रू राहिली, बाबा. पण मी ‘कधीच नाही’ म्हणाले आणि त्या सकाळी तुम्ही माझ्याकडे आलाच नव्हतात, असं होऊन गेलं.