चिंधी सोडलेली काठी

५ जानेवारी, सोमवार. भातसानगर

आले एकदाची! धरणाच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आज रुजू झाले. क्वार्टर छान हवेशीर आहे, खिडकीतून साग दिसतात आणि सकाळी पोपटांची शाळा भरते. फक्त मोरीत आधीच्या बिऱ्हाडाने केसांचा एवढा मोठा बोळा मागे ठेवला होता की मला उमासे आले. फिनाइलची अख्खी बाटली ओतली तेव्हा कुठे घास घशाखाली उतरला. धाकटा भाऊ भावेश फोनवर म्हणाला, ताई, तू नाकाने कांदे सोलतेस. सोलते. ज्याला घाण दिसते त्यालाच ती काढावी लागते.

७ जानेवारी, बुधवार

आत्या झाले! भावेश आणि प्रियांकाला इतक्या वर्षांनी मुलगी झाली. फोटो आला आहे. कापसासारखी पोर, आणि बापाचं बोट मुठीत घट्ट धरून ठेवलेलं. मुठीला जे लागेल ते धरते आणि सोडतच नाही म्हणे. बारसं अठराला, रविवारी, मुरबाडच्या अलीकडे त्यांच्या गावी. नाव कानात आत्याने सांगायचं, म्हणजे मी!

मग भावेशने हळूच आठवण करून दिली. या घरात पाळणा हलला तर बारशाला चालत येईन, असा नवस मी चारचौघांत बोलले होते. तेव्हा बोलायला काय जात होतं?

९ जानेवारी, शुक्रवार

भावेश म्हणतो, गंमत केली गो ताई, गाडीने ये. पण ते आता मनातून जात नाही. किती वर्षं ती दोघं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत होती. पोरीला काही झालं तर माझं मन मलाच खाईल.

प्रयोगशाळेतली कुणाली सुट्टीला डोंगर चढते. शहापूर, किन्हवली, सरळगाव असं चालत जाणार म्हटल्यावर तिने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं आणि हसली. निदान पायाला सवयीचे बूट घाल, हातात काठी घे आणि डांबरी सोडू नकोस, असं बजावलं. माझे बूट नवे, काठी नाही, आणि आजवर भाजीबाजाराच्या पलीकडे मी चाललेली नाही. भीती वाटते. तरी जाणार. हौसेला मोल नसतं, मग नवसाला कुठून असणार!

१४ जानेवारी, बुधवार. शहापूरच्या पुढे

पाय म्हणजे दोन शिजलेली रताळी झाली आहेत. टाचेचा फोड मोज्यातच फुटला आणि मोजा त्याला चिकटला. सोडवताना जे निघालं ते लिहीत नाही. कुणालीच्या मावशीकडे मुक्काम. मावशीने तिळाचे लाडू दिले, पण त्याच हाताने तिने आधी कोंबडी हाकलली होती. लाडू पर्समध्ये आहेत.

१५ जानेवारी, गुरुवार

डांबर पायाला सोसेना म्हणून शेतातली वाट धरली. भात केव्हाच कापून झालंय, वावरात वालाच्या शेंगा लोंबतायत. दोन गावांच्या शिवेवर ऐनाच्या झाडाला एक काठी टेकून ठेवलेली दिसली. तासून गुळगुळीत केलेली, माझ्या उंचीला बेताची. तिच्या मधोमध मात्र एक चिंधी बांधलेली होती, आणि काय ती चिंधी! तेलकट, कुंकू माखलेली, वर दह्याचा वाळलेला थर, त्यात केस, त्यावर माश्यांचं मोहोळ. दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडली, खड्ड्यात फेकली, काठी सॅनिटायझरने चकचकीत पुसली. एवढ्या घाणीत तीच काय ती स्वच्छ वस्तू. गुडघ्यांनी दुवा दिला.

पुढच्या गावात तर माणसंच माणसं वाटेवर आली. जनाबाई नावाच्या म्हातारीने वरून ओंजळीत पाणी ओतलं, पळसाच्या पानावर भाकर ठेवली आणि स्वतः मागे सरली. चिंधी कुठं हाय, असं तिने दोनदा विचारलं. घाण होती, टाकली म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावला. नंतर गावातले पुरुष मला दुसऱ्या शिवेपर्यंत पोहोचवायला आले, थोडं अंतर राखून. केवढी अदब! मुंबईत शेजारी लिफ्टपर्यंत येत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

शिवेबाहेरच्या एका खळ्यावर पेंढ्यात झोपले. सकाळी काठी हातातून सुटेना. वाटलं, फोडांचा चिकटा असेल. सॅनिटायझर ओतला, ओढली, तर तळहाताचं कातडं सोबत उचललं गेलं. खाली बारीक पांढरे धागे आहेत, भिजवलेल्या भाताला मोड येतात तसे. माझ्या हातातून निघून लाकडात गेलेत.

तोंडाला वास येतो. कुजक्या भाताच्या पेजेचा. चूळ भरली तर जिभेखालून दाणे पडले, मऊ, पांढरे. मी काल भात खाल्ला नव्हता.

किन्हवलीच्या रस्त्यावर एसटी थांबवली. कंडक्टरने नाक दाबून मला पायरीवरूनच उतरवलं.

दुपारी पुढच्या गावच्या राघोबा नावाच्या आजोबांनी बांधापलीकडून सगळं सांगितलं. गावात रोग आला की तो काठीला बांधून शिवेवर ठेवतात. पलीकडचं गाव ती चिंधीला धरून आपल्या दुसऱ्या शिवेवर नेऊन ठेवतं. अशी ती म्होरं म्होरं जाते, मागं कधीच नाय. लाकडाला उघडा हात लावायचा नाय. जो लावील तो तिचा, दुसऱ्या कुणाची उघडी मूठ तिला धरीपर्यंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी म्हटलं, मरेन पण कुणाच्या हातात देणार नाही. ते म्हणाले, देनारी तू कोन गो बाय? ती आपली मूठ आपन शोधते.

१७ जानेवारी, शनिवार

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर घाण येतंय.

मागे फिरायला गेले. वाटेवर माणसं बांबू आडवे धरून उभी. कुणी मारत नाही, शिवी देत नाही. बायका हात जोडून रडतात. आमची पोरं हायत गो, म्होरं जा. मलाही पोर आहे हे त्यांना कसं सांगू? म्होरं कोण आहे ते मला ठाऊक आहे.

आडरानात शिरले. पाय वळून परत वाटेवर आले. काठी आधी टेकते, मग मी.

दाणे आता दाणे नाहीत. हलतात. गिळले तर आत हलतात, थुंकले तर मातीत हलतात. मी, जिने आयुष्यभर पेला दोनदा विसळला. शी. शी. स्वतःची किळस येते, आणि स्वतःला टाकून कुठे जाता येत नाही.

भावेशला मेसेज केला. आजारी आहे, येऊ नकोस, बाळाला माझ्याजवळ आणू नकोस. त्याचं उत्तर: दमलीस म्हणून बहाणे! आत्याशिवाय बारसं नाही. उद्या आम्हीच शिवेवर घ्यायला येतो, नवस पुरा झाला समज.

तो फोन करतोय. उचलला. तोंड उघडलं तर शब्दाच्या जागी —

स्क्रीनवर वळवळताहेत.

१८ जानेवारी, रविवार

भावेशच्या गावची शीव. वडाच्या पारावर बसले आहे. उठता येत नाही, काठी उठू देत नाही. ओठ घट्ट मिटलेत, नाकातून —

वही त्याला दाखवायची. पहिल्या ओळीपासून नको, एवढंच: जवळ येऊ नका. मोठ्या अक्षरात लिहिलंय.

जवळ येऊ नका

ताशा वाजतोय. आले. प्रियांकाने हिरवी साडी नेसली आहे. कुशीत दुपटं.

वही वर धरली. भावेश हसला. म्हणाला, ताई, हिशोब नंतर लिही, आधी भाचीला घे. वाचलंच नाही. पानावर माझ्या नाकातलं ओघळलंय, अक्षरं —

मान हलवते आहे. त्यांना वाटतं रडते आहे, आनंदाने. वास कसा येत नाही यांना? त्यांना का येत नाही?

प्रियांका वाकली. मांडीवर ठेवलं. दुपटं सरकलं, मूठ बाहेर. इवलीशी. उघडतेय. काठी वीतभर अंतरावर, मी हात मागे ओढते, ओढते, हात येत ना—

धरली.

धागे सुटताहेत. एकेक. तळहात मोकळा होतोय, तोंडात गोड पाणी आलंय. देवा, क्षमा कर, किती बरं वाटतंय, किती स्वच्छ —